तू एकटीच आहेस ना?

विमानात चार वर्षांच्या मुलाची सीट एका टोकाला, आईची दुसऱ्या टोकाला. मग सगळ्यांची नजर वळते एकट्याने प्रवास करणाऱ्या मुला-मुलींकडे. सीटचं हे भांडण नक्की कोणाचं असतं?

गेल्या दिवाळीत मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी विमानातली सीट विकत घेतली. तिकीट बाबांनी काढलं होतं, सीट माझी. इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून साडेतीनशे रुपये. पुणे ते नागपूर, रात्रीची फ्लाइट, ९ ए, खिडकी. साडेतीनशे रुपयांत मेसबाहेरची चार जेवणं होतात. त्यामुळे हा निर्णय मी काही हलक्यात घेतला नव्हता.

बॅग वर टाकली, बेल्ट लावला, खिडकीला नाक लावलं आणि तेवढ्यात आवाज आला, ''बेटा, तू जरा मागे बसशील का?''

पस्तिशीतल्या एक ताई. हाताला धरलेला चारेक वर्षांचा मुलगा, खांद्यावर त्याची सॅक, काखेत फराळाचा डबा. मुलाची सीट ९ बी, म्हणजे माझ्या शेजारची. ताईंची २३ ई. त्यांच्या सासूबाई २७ बीमध्ये. तिघं एकाच बुकिंगवर आणि विमानात तीन ठिकाणी. माझी ९ ए त्यांना मिळाली असती तर मायलेक शेजारी बसले असते. मला २३ ईवर जायचं होतं.

मी मान वळवून मागे बघितलं. २३ ई म्हणजे मधली सीट. डावीकडे-उजवीकडे एकाच ग्रुपमधली मुलं, दिवाळीला घरी निघालेली, जोरजोरात हसत, पलीकडच्या रांगेतल्या मित्रांना हाका मारत. कदाचित अगदी साधी, चांगली मुलं असतील. पण रात्रीची वेळ होती, मी एकटी होते आणि हॉस्टेलमध्ये सीनियर्सनी पहिल्या वर्षापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं होतं, की बस असो, ट्रेन असो, खिडकी घ्यायची, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसायचं नाही. ही सीट मी अर्धा तास घालवून निवडली होती. हे सगळं त्या ताईंना, तेही अख्ख्या विमानासमोर, कसं सांगणार?

''तू एकटीच आहेस ना?'' त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ''सॉरी, मी पैसे भरून घेतलीये ही सीट.''

वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. मागून एक काकू म्हणाल्या, ''लेकरू आहे लहान. हिले काय होते उठाले?'' कोणीतरी ''आजकालच्या पोरी'' असं काहीतरी पुटपुटलं. केबिन क्रूमधली मुलगी आली, माझ्याच वयाची असेल. तिनेही मलाच विचारलं, ''मॅम, प्लीज ॲडजस्ट करोगे?'' मी मान हलवली. रांग खोळंबली होती, दार बंद करायची वेळ झाली होती. तिने ताईंना जाऊन बसायला सांगितलं. ताई मुलाच्या कानात काहीतरी बोलल्या, त्याचा बेल्ट लावला आणि मागे गेल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. ९ सी. तिकडे पंचेचाळिशीतले एक गृहस्थ बसले होते. इअरफोन लावून मोबाइलवर काहीतरी बघत होते. त्यांना कोणीच काही विचारलं नाही. ताईंनी नाही, काकूंनी नाही, क्रूने नाही.

पुढची पंचवीस मिनिटं तो मुलगा माझ्या शेजारी होता. तो रडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तो गप्प होता. बेल्टचं बक्कल उघडत होता, लावत होता. एकदाच विचारलं, ''मम्मी येणारे ना?'' मी हो म्हटलं. मग सुरक्षेच्या सूचना सुरू झाल्या. ऑक्सिजन मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावा, मग सोबतच्या मुलाला. हे मी याआधी तीन-चार वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी तेव्हा मोबाइल बघत होते. या वेळी लक्षात आलं, की इथे 'मूल' म्हणजे ९ बी आणि 'सोबतचं मोठं माणूस' म्हणजे मी. वर जाताना विमान हलायला लागलं, तेव्हा त्याने माझ्या कुर्त्याची बाही घट्ट धरली. मी त्याचं नावही विचारलेलं नव्हतं.

बेल्टचा दिवा विझला. ताई लगबगीने पुढे आल्या आणि आमच्या रांगेपाशी उभ्या राहिल्या. मी वाकून ९ सीच्या दंडाला हात लावला. ''काका, तुम्ही मागे बसाल का? यांचा मुलगा आहे हा.'' काकांनी इअरफोन काढले. मुलाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. ''हो, जातो की. मला कोणी विचारलंच नाही,'' म्हणाले आणि बॅग घेऊन गेले. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

रीलवाली सीट आणि खरी सीट

हॉस्टेलवर परत आल्यावर हा किस्सा सांगितला आणि खोलीत सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, बरोबर केलंस, पैसे तू भरलेस. दुसरी म्हणाली, लहान मुलगा होता गं, तासाभराचा तर प्रवास. दोन्ही पार्ट्यांनी मग आपापल्या बाजूचे रील्स दाखवायला सुरुवात केली. या विषयावर रील्स किती आहेत, हे मला तेव्हा कळलं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ब्राझीलचं. डिसेंबर २०२४. एक तरुणी विमानात चढली तर तिच्या खिडकीच्या सीटवर एक लहान मुलगा बसलेला. तिने आपली सीट मागितली, मुलाला उठवलं गेलं, तो रडायला लागला. ती शांतपणे बसून राहिली. दुसऱ्या एका प्रवासी बाईने तिला जाब विचारत तिचा व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडे फिरला. हेतू तिची लाज काढायचा होता, झालं उलटंच. जगभरातले लोक त्या तरुणीच्या बाजूने उभे राहिले आणि ती रातोरात प्रसिद्ध झाली.

मीही तिच्याच बाजूने आहे. पण माझी रूममेट जेव्हा म्हणाली, ''बघ, तुझी सेम केस,'' तेव्हा मला ते पटलं नाही. त्या मुलाला खिडकी हवी होती. त्याचे घरचे तिथेच होते. माझ्या शेजारच्या मुलाला खिडकीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला आई हवी होती. एक हट्ट, एक गरज. रील बघताना आपण दोन्ही एकाच पिशवीत भरतो आणि मग 'माझी सीट, माझी मर्जी' किंवा 'माणुसकी मेली' यातलं एक काहीतरी कमेंटमध्ये टाकून मोकळे होतो. हट्टाला नाही म्हणायला काहीच हरकत नाही. गरजेचं काय करायचं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी ९ एची आहे का, हा त्याहून खरा प्रश्न.

नियम आहे, मला माहीतच नव्हता

आहे ना. आपल्याकडे याचा नियम आहे! आणि मी मास कम्युनिकेशन करते, रोज बातम्या वाचते, तरी मला तो माहीत नव्हता, हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना सांगितलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या सोबत सीट द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. मुलं आई-वडिलांपासून वेगळी बसवली जाण्याचे प्रकार समोर आल्यामुळेच हे पाऊल उचललं गेलं. म्हणजे माझ्या फ्लाइटमध्ये त्या ताईंनी हात जोडून मागायचं असं काही नव्हतंच. मुलगा चार वर्षांचा, पीएनआर एक. आई नाही तर आजी, कोणीतरी एक मोठं माणूस त्याच्या शेजारी असायलाच हवं होतं. ते काम विमान कंपनीचं, दार बंद व्हायच्या आधी करायचं. ते झालं नाही आणि त्याचं बिल मला, ताईंना आणि त्या मुलाला मिळून भरावं लागलं. आम्ही तिघंही एकमेकांवर नाराज आणि ज्यांनी हे केलं ते या चित्रात कुठेच नाहीत!

पीएनआर हा यातला कळीचा शब्द. आई-बाबांची तिकिटं आधी काढली, मूल सोबत न्यायचं नंतर ठरलं आणि ते मामाच्या बुकिंगमध्ये टाकलं, तर कॉम्प्युटरच्या लेखी त्या मुलाचा पालक मामा. आई कोण, बाबा कोण, हे त्याला कसं कळणार? माझ्या मावसबहिणीचं अगदी असंच झालं होतं. गोव्याला चार कुटुंबं मिळून निघालेली, स्वस्त पडतील तशी तिकिटं काढलेली, पीएनआर पाच. सहा वर्षांची मुलगी आत्याशेजारी आणि ताई दहा रांगा मागे. मुलीला आत्या चालत होती म्हणून भागलं.

मधल्या सीटचं गणित

पण मुळात एका कुटुंबाच्या सीट्स अशा विखुरतातच कशा? मला वाटायचं, कंपन्या मुद्दाम करतात. मग एकदा कागदावर विमान काढलं आणि डोक्यात प्रकाश पडला.

आपण देशात ज्या विमानांनी जातो, त्यातलं नेहमीचं एअरबस ए ३२० घ्या. १८० सीट्सचं असेल तर तीस रांगा, प्रत्येक रांगेत तीन अधिक तीन. म्हणजे ६० खिडक्या, ६० मधल्या सीट्स, ६० कडेच्या. माझ्यासारखे एकटे प्रवासी पैसे भरतात ते खिडकीसाठी किंवा कडेसाठी. मधल्या सीटसाठी कोण पैसे भरेल? त्यामुळे शेवटी जे उरतं ते मधल्या सीट्सचं. आणि विमानात कुठल्याही दोन मधल्या सीट्स एकमेकींना लागून नसतात. बस, संपलं. ज्या कुटुंबाने सीटचे पैसे भरले नाहीत आणि उशिरा चेक-इन केलं, त्यांच्या वाट्याला वेगवेगळ्या रांगांमधल्या मधल्या सीट्स येणार. माझी ९ ए आणि काकांची ९ सी विकली गेली, तेव्हाच त्या मुलाची ९ बी एकटी पडली होती.

कोणाचा दुष्टपणा नसतानाही हे होऊ शकतं. तरी दुष्टपणाचा संशय घेणारे लोक आहेतच. ब्रिटनमध्ये २०१७ साली बीबीसीच्या 'वॉचडॉग' कार्यक्रमाने रायनएअर या कंपनीच्या चार फ्लाइट्सवर चार-चार जणांचे गट पाठवले. कोणीही सीटचे पैसे भरले नव्हते. प्रत्येक फ्लाइटवर झाडून सगळ्यांना मधली सीट मिळाली. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता साधारण ५४ कोटींत एक, असा हिशेब ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडला. कंपनीचं म्हणणं होतं, की खिडकीच्या आणि कडेच्या सीट्स पैसे भरणाऱ्यांना हव्या असतात, म्हणून फुकटवाल्यांना मधल्या मिळतात. मला गंमत याची वाटते, की कंपनीचं उत्तर खरं धरलं तरी माझ्या कागदावरचं गणित तेच सांगतं. चांगल्या सीट्स गिऱ्हाइकाची वाट बघत थांबतात, कुटुंब थांबत नाही.

सीटला वेगळी किंमत लावायची ही पद्धत आपल्याकडे आता इतकी अंगवळणी पडलीये, की आपण त्याबद्दल बोलतही नाही. एकदा मात्र बोललो होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेब चेक-इन करताना सगळ्याच सीट्सना पैसे लागतील, असं इंडिगोने जाहीर केलं आणि ट्विटरवर इतका गदारोळ झाला, की या शुल्काचं आम्ही बघतो, असं मंत्रालयाला सांगावं लागलं. पुढे काय झालं ते तुमच्या मोबाइलमधल्या रंगीबेरंगी सीट मॅपवर दिसतंच आहे. नियमाप्रमाणे आवडीची सीट, जेवण, अगदी गिटार नेणं, या सगळ्याला कंपनी वेगळे पैसे लावू शकते. फक्त ते प्रवाशाने स्वतः निवडलेलं असलं पाहिजे. म्हणजे 'स्किप' बटण असतं, पण ते कुठल्या कोपऱ्यात असतं हे शोधावं लागतं. आणि एकदा स्किप केलं, की आपली सीट कॉम्प्युटर ठरवतो.

आई म्हणते, आमच्या वेळी असं नव्हतं, ट्रेनमध्ये लोक ॲडजस्ट करायचे. आताही करतात. 'भाऊ, आजीला लोअर देता का' असं म्हटलं, की निम्मे लोक वर चढतात. पण ट्रेनमध्ये एका क्लासचं भाडं वरच्या बर्थला आणि खालच्या बर्थला सारखंच असतं. ॲडजस्ट करणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. शिवाय ज्येष्ठ नागरिकांना आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना शिल्लक असेल तर लोअर बर्थ द्यायचा, हे रेल्वेच्या कॉम्प्युटरला आधीच शिकवलेलं आहे. विमानात प्रत्येक सीटवर किमतीचं लेबल लावलं आणि मग ट्रेनमधल्या माणुसकीची अपेक्षा तशीच ठेवली, असं काहीसं झालंय.

सुरक्षेचा मुद्दा, ज्यावर कोणी रील करत नाही

बाहेरच्या देशांत या विषयाकडे कसं बघतात, ते शोधताना ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाची एक सूचना सापडली आणि ९ बीचा तो चेहरा पुन्हा आठवला. त्यांचं म्हणणं असं, की लहान मूल शक्यतो मोठ्यांच्या रांगेतच असावं, नाहीच जमलं तर एका रांगेपेक्षा जास्त अंतर नसावं. कारण विमान घाईने रिकामं करायची वेळ आली, तर आई-बाप दाराकडे धावत नाहीत, मुलाकडे धावतात. म्हणजे २३व्या रांगेतली आई गर्दीच्या उलट दिशेने नवव्या रांगेकडे यायला बघेल आणि मधल्या सगळ्यांचा रस्ता अडेल. आता सांगा, हा प्रश्न फक्त त्या आईचा राहिला का?

अमेरिकेत २०२३ मध्ये तर हा विषय थेट राष्ट्राध्यक्षांच्या काँग्रेससमोरच्या भाषणात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना सोबतच्या मोठ्यांच्या शेजारी जादा पैसे न घेता बसवावं, असा नियम प्रस्तावित केला. गंमत म्हणजे वर जिचं नाव आलं, त्या रायनएअरचा तोडगा वेगळाच आहे. १२ वर्षांखालच्या मुलासोबत जाणाऱ्या मोठ्याने सीट विकत घ्यायलाच हवी, मग चार मुलांपर्यंतच्या सीट्स फुकट. पैसे घेतात, पण निदान विमानाच्या बोळात हात जोडावे लागत नाहीत.

दुसरं टोकही आहे. मुलं शेजारी नकोतच, असं म्हणणाऱ्यांसाठी इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा 'क्वाएट झोन' केल्या होत्या, १२ वर्षांखालच्या मुलांशिवाय. जपान एअरलाइन्सच्या सीट मॅपवर दोन वर्षांखालचं बाळ कुठे बसणार आहे, त्याचं चित्र दिसतं. मला हे काही फारसं आवडलं नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवास करताना कदाचित आवडेलही.

विचारतात कोणाला?

पुन्हा ९ सीकडे येते. ते काका काही वाईट नव्हते. त्यांनी तर एका सेकंदात सीट सोडली. मग त्यांना आधी का विचारलं नाही? वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा जवळपास प्रत्येक मुलीकडे असा एक किस्सा निघाला. बसमध्ये, ट्रेनमध्ये, लग्नाच्या हॉलमधल्या गादीवर. मुलांकडेही निघाले, पण ते बहुतेक सामान वर ठेवून द्यायचे होते. एकटी, तरुण, मुलगी, म्हणजे हिला कुठेही बसवलं तरी चालतं, असा एक हिशेब लोकांच्या डोक्यात असतो. खरं तर आमच्यासाठी 'कुठे' हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. शेजारच्या सीटवर महिला आहे का, हे वेब चेक-इन करताना महिला प्रवाशांना दिसेल, अशी सोय इंडिगोने २०२४ मध्ये सुरू केली, ती उगाच नाही.

आमच्या कॉलेजची एक सीनियर आता केबिन क्रूमध्ये आहे. तिच्याशी फोनवर बोलले. तिने आधी मलाच झापलं, की 'पैसे भरलेत' म्हणण्याऐवजी 'मला दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसायचं नाहीये' एवढंच क्रूच्या कानात सांगितलं असतंस, तर तिने दुसरा मार्ग शोधला असता. मग तिची बाजू सांगितली. दारात उभं राहून दीडशे लोकांना आत घ्यायचं, बॅगा चढवायच्या, वेळेत दार बंद करायचं आणि त्यातच शेवटच्या दहा मिनिटांत सीटची भांडणं. जो पटकन उठेल असं वाटतं, त्याच्याकडे पाय वळतात. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत मूल चालत नाही. कडेवरची दोन बाळं एका बाजूच्या तीन सीट्समध्ये बसवता येत नाहीत, कारण तीन सीट्सच्या वर सहसा चारच ऑक्सिजन मास्क असतात. हे सगळं डोक्यात ठेवून तिला कोडं सोडवायचं असतं. तिचं म्हणणं, प्रवाशांनी आपसात अदलाबदल करू नये, आधी क्रूला सांगावं. छोट्या एटीआर विमानात तर माणसं कुठे बसलीत, यावर वजनाचा तोल ठरतो.

आणि कोणी सीट मागितलीच, तर तिने एकच प्रश्न विचारायला सांगितला : बदल्यात मला कुठली सीट? खिडकीच्या बदल्यात खिडकी, कडेच्या बदल्यात कड असेल तर उठायला काहीच हरकत नाही. ताईंनीही आधी काकांची ९ सी मागायला हवी होती, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ताईंना त्या वेळी एवढं सुचलं नसेल. हातात डबा होता, मुलगा होता, मागे रांग होती.

विमान खाली उतरताना ताई माझ्याशी बोलल्या होत्या. तिकीट त्यांच्या मिस्टरांनी काढलं होतं. तिघांच्या सीट्सचे जाऊन-येऊन दोन हजारांच्या घरात होत होते, म्हणून स्किप केलं. लहान मूल आहे म्हटल्यावर देतीलच शेजारी, असं वाटलं. त्यांना तसं वाटणं चूक नव्हतं, नियमही तेच म्हणतो. फक्त तो त्यांनाही माहीत नव्हता. ''तुला राग आला असेल ना बेटा,'' त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ''तुम्हाला आला असेल.'' मग त्यांनी डबा उघडला आणि मला चकली दिली. मुलगा तोवर झोपला होता.

आता तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट. घरात तिकिटं कोण काढतं? आपण. बाबांना ॲप जमत नाही, मावशीचा ओटीपी येत नाही, काकांना तर पीएनआर आणि ई-तिकीट नंबर यातला फरक कळत नाही. म्हणजे ते मूल आईशेजारी बसणार की नाही, हे बऱ्याचदा आपल्या अंगठ्यावर ठरतं. मूल आणि त्याचं कोणीतरी एक मोठं माणूस एकाच पीएनआरवर ठेवा, चार रुपये इकडेतिकडे झाले तरी. देशातल्या बऱ्याच फ्लाइट्सचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. सीट्स लांब लांब आल्या तर गेटवर जायच्या आधी, चेक-इन काउंटरवरच डीजीसीएच्या नियमाचं नाव घेऊन सांगा. तिथे बदलणं सोपं असतं. आणि तरीही नाहीच झालं तर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करता येते. मी केली नाही. तेव्हा नियमच माहीत नव्हता आणि कळला तोवर त्या ताईंचा नंबरही नव्हता.

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. लग्नाला नागपूरहून पुण्याला यायचंय, ती, काका आणि तिचा सात वर्षांचा नातू. मी लॅपटॉप उघडून तिघांना एका पीएनआरवर घातलं आणि सीट मॅपवर पोचले. नातू आणि मावशी शेजारी हवेत म्हणून दोन सीट्स निवडल्या. पलीकडून मावशी म्हणाली, ''एवढे पैसे कायले घालवतं? लहान पोरगं पाहून देतेच ना कोणी उठून.''

मी म्हटलं, ''मावशी, ते 'कोणी' म्हणजे मीच असते.''

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने ओटीपी सांगितला.